पहाटे अडणारी पिकअप

“सगळं बदललं, आक्का. आता काय बदलू? तुमीच सांगा.”

महिपतीनं हातातलं फडकं पिकअपच्या मडगार्डवर आपटलं.

बनाक्का ट्रकच्या काढून ठेवलेल्या जुन्या सीटवर बसली होती. पुढ्यात रॉकेलचा डबा. त्यात गंजके नट भिजत घातलेले. एकेक नट काढायची, पुसायची, बाजूला ठेवायची.

“सगळं?” तिनं विचारलं.

“सगळं.”

“मग जुनी गाडी कुठं गेली?”

मी हसले. महिपतीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू गाडी मीच बिघडवली.

“चेष्टा नको, आक्का. प्लग नवे. पॉईंट नवे. कंडेन्सर नवा. कॉईल नवी. बॅटरी भरून आणली. तरी पहाटे पेटत न्हाई म्हंजे गाडीतच खोट हाय.”

“...गाडीत.”

“मग काय माझ्यात?”

बनाक्कानं पुढचा नट काढला.

गाडी माझी. पेट्रोलवरची पिकअप, माझ्यापेक्षा वयानं मोठी. सासऱ्यानं एका बागायतदाराकडून घेतलेली. लांब नाक, गोल दिवे, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. मी तिच्यात रताळी घालून बेळगावच्या बाजाराला नेते. मीच चालवते. ज्याला बघवत नाही त्यानं तोंड फिरवावं, रस्ता मोठा आहे.

रताळी पहाटे निघाली तर बाजारात लागतात. उन्हं वर आल्यावर पोचलेल्या रताळ्याला कुत्रं विचारत नाही.

आणि पिकअप अडायची ती नेमकी पहाटे.

बनाक्काचं गॅरेज चंदगडच्या अलीकडं, घाटमाथ्यावर, रस्त्याला लागून. माझं घर शेजारीच. गाडी रात्री गॅरेजच्या पुढं उघड्यावर उभी असते.

बनाक्काचा नवरा मेस्त्री होता. तो गाडीखाली झोपायचा, ही दिवा धरायची. दिवा धरून धरून शिकली. तो गेला तेव्हा भावकी म्हणाली, आता शटर ओढा. दिवसकार्य होईपर्यंत तिनं शटर ओढलं. मग उघडलं. तेव्हापासून उघडंच आहे.

महिपती तिच्या हाताखाली शिकला. ओठावर मिसरूड नव्हतं तेव्हा आला, आता मिशीला पीळ देतो. हात चांगला. रस्त्यानं जाणारी गाडी नुसती ऐकून सांगायचा, हिचा एक प्लग मेलाय. गाडीवाला थांबून बघायचा, तर खरंच मेलेला. असं दोन-चारदा खरं झालं की माणूस बिघडतो.

दिवाळीला त्यानं किल्ल्या मागितल्या.

“आक्का, आता गॅरेजच्या किल्ल्या माझ्याकडं द्या. तुमी बसून खावा.”

“बसून खाल्लेलं मला पचत न्हाई.”

“मी काय वाईट बोललो?”

“न्हाई. चांगलंच बोललास.”

किल्ल्या तिच्या कमरेला असतात. तिनं त्या चाचपल्या, काढल्या नाहीत.

त्या गॅरेजात एक रीत आहे, तिच्या नवऱ्याच्या वेळेपासूनची. शिकणाऱ्याला तुला काय काय येतं म्हणून विचारायचं नाही. जी गाडी त्याला अडते ती त्याच्या पुढ्यात टाकायची. आपण पान्याला हात लावायचा नाही. गाडी सुटली की तो मेस्त्री.

“हिची पिकअप पहाटे एका सेल्फात चालू कर,” बनाक्का म्हणाली. “तिथल्या तिथं किल्ल्या घे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

महिपती हसला होता. नवी पाटी कुठल्या रंगात रंगवायची हे त्यानं त्याच दिवशी मला विचारलं. मी म्हटलं, आधी गाडी पेटव, मग रंग उडव.

पिकअपचं दुखणं असं होतं. पहाटे सेल्फ मारला की इंजिन फिरायचं. जोरात फिरायचं. पण पेटायचं नाही. फिरून फिरून बॅटरी दमायची आणि मग नुसतं कण्हायचं. उन्हं आली, गाडी तापली, की त्याच गाडीला बोट लावलं तरी सुरू. दसऱ्याआधी असलं काही नव्हतं.

महिपतीनं आधी प्लग काढले. नवे घातले. दुपारी सेल्फ मारला. पहिल्या झटक्याला सुरू.

त्यानं इंजिन चालूच ठेवलं आणि बनाक्काकडं बघितलं.

“आता दुपार हाय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी मेलेली. माझी पोती हौद्यात.

मग त्यानं कॉईल बदलली. दुपारी सुरू. पहाटे मेलेली.

मग डिस्ट्रीब्युटर उघडला. डिस्ट्रीब्युटर म्हणजे करंट वाटणारा डबा. कॉईलकडनं करंट त्याच्यात येतो, तो प्रत्येक प्लगाला ज्याचा त्याचा वाटा पाठवतो. त्याच्यावर काळी टोपी असते, टोपीतून जाड वायरी निघतात. महिपतीनं क्लिपा सोडल्या. टोपी दोन्ही हातांनी उचलली, देव उचलतात तशी, आणि धुतलेल्या फडक्यावर ठेवली. आतले पॉईंट नवे घातले. टोपीच्या आतल्या बाजूचं काजळ घासून काढलं. टोपी तेवढी जुनीच परत बसवली, कारण तसली टोपी आता कुठं मिळत नाही.

“भेग हाय का टोपीला?” बनाक्का लांबनं म्हणाली.

“न्हाई.”

“पुसलीस?”

“आरशावानी.”

दुपारी सुरू.

“आक्का, ऐका! आवाज ऐका हिचा!”

“ऐकला. मी पहाट म्हणाले हुते.”

पहाटे मेलेली.

त्या दिवशी माझी रताळी दुसऱ्याच्या टेम्पोत गेली. टेम्पोवाल्यानं ती सिमेंटच्या पोत्यांखाली घातली. बाजारात उतरवली तेव्हा अर्धी फुटलेली. मी परत आले ती थेट गॅरेजात.

“महिपती, तुला जमत नसंल तर सांग. बेळगावात मेस्त्री मेलेले न्हाईत.”

“जमत न्हाई कोण म्हणालं?”

“गाडी म्हणतीया. रोज म्हणतीया.”

तेव्हाच त्यानं फडकं आपटलं आणि वर सांगितलं ते बोलला. सगळं बदललं, आता काय बदलू.

बनाक्काचे नट पुसून झाले. तिनं डब्यावर झाकण ठेवलं.

“महिपती.”

“काय?”

“बदललंस ते सांगितलंस. बदललं न्हाईस ते सांग.”

“इंजिन. हौदा. चाकं. सांगू का सगळं?”

“सांग की. मला काय घाई न्हाई.”

त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिकअपच्या पुढच्या बंपरला लिंबू-मिरच्या लटकत होत्या. काळी बाहुली पण.

“हे काय?” मी विचारलं.

“नजर.”

“माझ्या गाडीला नजर? हिला बघून बैल पण तोंड फिरवतात.”

“मावशी, तुमाला कळत न्हाई. दुपारी चालू होतीया, पहाटे होत न्हाई. म्हंजे पहाटे काय तरी आडवं येतंय.”

“काय आडवं येतंय?”

 बनाक्का आत चूल पेटवत होती. त्यानं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

“पहाटे शटर कोण उघडतं?”

“आक्का.”

“गाडीपुढं पहिलं कोण येतं?”

मला कळलं. कळल्यावर माझा हात आपोआप टेबलावरच्या पान्याकडं गेला.

“तुझ्या जिभेला हाड हाय का रे? हिच्या चुलीवरचं खाऊन मोठा झालास...”

“मी न्हाई म्हणत! लोक म्हणतात. गिऱ्हाईक म्हणतात. पहाटे गाडी न्यायला आलं की समोर... मला काय वाटत न्हाई, मावशी. देवाशपथ. पण धंदा हाय.”

“महिपती,” आतनं आवाज आला. “च्या घेणार का?”

तो दचकला. मी पण.

बनाक्का बाहेर आली. हातात तीन कप. एक त्याला दिला, एक मला. तिसरा घेऊन सीटवर बसली. बशीत ओतला. फुंकर घातली.

“सगळं ऐकलंसा?” महिपतीनं विचारलं.

“चुलीजवळ कान झाकत न्हाईत.”

“आक्का, मी...”

“च्या पी. गार व्हईल.”

तो प्यायला. घोट गिळला की दगड, काय माहीत. मग कप खाली ठेवून एका दमात बोलला.

“आक्का, राग नका मानू. तुमी मला शिकवलं. पण पहाटे तुमी गाडीपुढं येऊ नका. चार दिवस. बघू तरी.”

बनाक्कानं बशी तोंडाला लावली.



तिला बाजूला हो म्हणणं काही नवीन नव्हतं. खंडेनवमीलाही असंच झालं होतं. त्या दिवशी गॅरेजात पान्यांची आणि गाड्यांची पूजा असते. नवरा होता तेव्हा ताट बनाक्काच फिरवायची. तो गेल्यावरही तीच फिरवत होती, आडवं येणारं कुणी नव्हतं. यंदा महिपतीनं ताट तिच्या हातातनं घेतलं. म्हणाला, आक्का, तुमी बाजूला थांबा, कुंकवाचं काम हाय. बनाक्का बाजूला झाली. रस्त्यापलीकडं जाऊन मैलाच्या दगडावर बसली, पूजा होईपर्यंत. आत महिपतीनं नारळ फोडले, झेंडूचे हार घातले. माझी पिकअप ग्रीसिंगला आलेली, तिचंही बॉनेट उघडून पूजा केली. मग प्रसाद घेऊन रस्ता ओलांडून गेला. बनाक्कानं तो हातात घेतला. खाल्ला का, मी बघितलं नाही.

तर आताही मला वाटलं, ही बाजूला होणार.

बशी खाली आली.

“बरं,” बनाक्का म्हणाली. “उद्या मी पुढं येत न्हाई. गाडीच्या मागं उभी ऱ्हाते. तू चालू कर.”

“मागं?”

“हौद्याच्या मागं. तोंड दिसणार न्हाई कुणाला. चालंल?”

महिपतीनं मान हलवली. वर बघितलं नाही.

“शटर पण तूच उघड.” तिनं कमरेची किल्ल्यांची जुडी काढली, एक किल्ली सोडवली आणि त्याच्या कपाशेजारी ठेवली. “ही एक. बाकीच्या गाडी पेटल्यावर.”

पहाटे धुकं उतरलं होतं. असं की पिकअपच्या हौद्याशी उभं राहिलं तर पिकअपचं नाक दिसत नव्हतं. पत्र्यावरनं पाणी ओघळत होतं. माझी पोती भरून झाली होती, वर ताडपत्री.

महिपतीनं शटर उघडलं. बाहेरची ट्यूब लावली. वर एक मोठा टॉर्च आणला, लग्नात धरतात तसल्या उजेडाचा.

बनाक्का आली. बोलल्याप्रमाणं मागं गेली. हौद्याच्या फळीला हात टेकून उभी राहिली.

“हाय मी मागं. कर चालू.”

महिपतीनं लिंबाला हात लावला, कपाळाला लावला, आत बसला, सेल्फ मारला.

इंजिन फिरलं. फिरलं. फिरलं.

पेटलं नाही.

परत मारला. फिरलं. पेट्रोलचा वास आला. पेटलं नाही.

महिपती उतरला. बॉनेट उघडलं, टॉर्च पाजळला. एकेक वायर ओढून बघितली. प्लगावर टॉर्च, कॉईलवर टॉर्च, टोपीवर टॉर्च. उजेड एवढा की डोळे दुखावेत.

“बघा, आक्का! तुमी तर मागं हायसा, तरी...”

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

“तरी काय?” मागनं आवाज आला.

धुक्यात लांब कुठंतरी एसटी खालचा गिअर टाकून घाट चढत होती. तिचा आवाज येईपर्यंत आणि जाईपर्यंत महिपती उभाच राहिला.

“...तरी चालू न्हाई झाली.”

“म्हंजे मी पुढं असले काय अन् मागं असले काय.”

महिपतीनं टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

“आता बोल. काय दिसतंय?”

“काय न्हाई दिसत, आक्का. सगळं बरोबर हाय.”

“टॉर्च बंद कर.”

“आँ?”

“टॉर्च. बंद कर. ट्यूब पण.”

“मग दिसंल कसं?”

“उजेडात दिसलं का?”

“न्हाई.”

“मग बंद कर.”

महिपती माझ्याकडं बघायला लागला. मी खांदे उडवले. त्यानं जाऊन ट्यूब विझवली. मग टॉर्च विझवला. काळोख असा आला की माझाच हात मला दिसेना.

“मावशीला सेल्फ मारू दे,” बनाक्का मागनंच म्हणाली. “तू बॉनेटपाशी ऱ्हा. हात लावू नको कशाला. नुसता बघ.”

मी चाचपडत आत बसले. सेल्फ मारला.

बॉनेटच्या फटीतून मला इंजिन दिसत नव्हतं. मला दिसलं ते महिपतीचं तोंड. निळं. एका क्षणात काळं. परत निळं. परत काळं. इंजिन फिरत होतं आणि त्याचं तोंड उघडझाप करत होतं.

“थांबा, मावशी... थांबा.”

मी थांबवलं. खाली उतरले.

“काय दिसलं?” बनाक्कानं विचारलं.



“करंट प्लगाला जातच न्हाई, आक्का. टोपीवरनंच पळतोय. वरनं खाली. बारीक निळ्या रेघा... खालच्या लोखंडात जिरतोय.”

“सगळा?”

“सगळा.”

“रस्त्याबिगर करंट पळत न्हाई. कुठल्या रस्त्यानं पळतोय बघ. लाव आता टॉर्च.”

त्यानं टॉर्च लावला.

तिघांनी बघितलं. म्हणजे आम्ही दोघांनी. बनाक्का अजून हौद्यामागंच होती.

काळ्या टोपीवर कुंकवाचे पट्टे होते. बोटांनी ओढलेले, वरच्या वायरीपासून खाली लोखंडी डब्यापर्यंत. खंडेनवमीचे. धुक्यानं भिजून लाल, ओले, चकचकीत. एवढे दिवस बॉनेट उघडलं की ते समोर होते. मी बघत होते, तो बघत होता. कुंकू दिसतं. कुंकवाकडं बघत कोण नाही.

महिपतीनं टॉर्च खाली घेतला.

“पूजा हाय ती, आक्का,” तो म्हणाला. हळू.

“व्हय.”

“टोपी काळी, गोल. मला पिंडीवानी दिसली. म्हणून मी पाणी घालून कुंकू कालवलं अन् पट्टे ओढले.”

“चांगले ओढलेस का?”

“...वरनं खालपर्यंत.”

“सुकतंय तोवर गाडी पळतीया. दव पडलं की अडतीया.” तिनं जरा थांबून विचारलं, “टोपी आतनं पुसली हुतीस?”

“पुसली.”

“बाहेरनं?”

“बाहेरनं कुंकू हुतं. कसं पुसू?”



“आता पूस,” बनाक्का म्हणाली.

महिपतीनं फडकं घेतलं. हात टोपीपर्यंत गेला. थांबला. फडक्याचं टोक कुंकवाला टेकणार इतक्यात परत आला.

“पूस की रे!” मी ओरडले. “माझी रताळी कुजायला घातलीस का?”

“मावशी, गाडीचं कुंकू हाय. देवाच्या नावानं लावलेलं. माझ्या हातानं कसं...”

परत हात नेला. परत आणला.

“न्हाई व्हत माझ्यानं, आक्का.”

फळीवरचा हात निघाल्याचा आवाज आला. मग चपलांचा. बनाक्का हौद्यामागनं निघाली, गाडीच्या कडेनं चालत आली आणि गाडीच्या पुढं उभी राहिली. दिव्यांच्या मधोमध. लिंबू-मिरच्या तिच्या लुगड्याला घासत होत्या.

पुढं येऊ नका म्हणायला महिपतीला तोंड उरलं नव्हतं.

“पान्याला हात लावत न्हाई मी,” ती म्हणाली. “रीत हाय.”

पदराचं टोक तिनं धरलं. पेट्रोलच्या बाटलीचं बूच काढलं, टोक भिजवलं.

“आक्का...”

तिनं टोपी पुसली. वरनं खाली, ज्या दिशेनं त्यानं पट्टे ओढले होते त्याच दिशेनं. एक पट्टा. दुसरा पट्टा. वायरींच्या मुळाशी बोट घालून, घोळून घोळून, भांडं पुसावं तशी. मग कोरड्या पदरानं पुसली. मग वाकून बघितलं. पेट्रोल उडून जाईपर्यंत थांबली, बाटली लांब ठेवली.

टोपी काळी झाली. नुसती काळी.

महिपती बघत होता. त्याचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होता की काय, ऐकू आलं नाही.

“बस आत. मार सेल्फ.”

तो हलला नाही.

“महिपती.”

तो आत बसला. सेल्फ मारला.

एक झटका. पिकअप सुरू झाली. मागच्या पाइपातनं काळा धूर निघाला, धुक्यात मिसळला. हौद्याच्या फळ्या खडखडायला लागल्या. 

महिपतीनं सेल्फवरचा हात काढला, पण उतरला नाही. स्टेअरिंग धरून तसाच बसला.

बनाक्कानं कमरेची जुडी काढली. मडगार्डवर ठेवली. इंजिनच्या थरथरीनं किल्ल्या वाजायला लागल्या.

“घे. पहाट हाय. एका सेल्फात झाली.”

महिपती उतरला. किल्ल्यांकडं बघितलं.

“मी न्हाई चालू केली.”

“मग सेल्फ कुणी मारला?”

“तसं न्हवं, आक्का.”

“मग कसं?”

 हात त्यानं मागं बांधले, मुलं बांधतात तसे. किल्ल्या वाजत राहिल्या. सरकत सरकत मडगार्डच्या कडेला आल्या. पडणार म्हणून मीच हात पुढं करून परत मधे ढकलल्या.

मला निघायचं होतं. बाजार थांबत नाही. मी दार उघडलं.

“मावशी, थांबा जरा,” महिपती म्हणाला.

तो बनाक्काच्या पदराकडं बघत होता. पदराचं टोक लाल झालं होतं. ओलं लाल.

“आक्का, एक इचारू?”

“इचार.”

“गाडीचं कुंकू पुसलं. मावशी आता घाट उतरणार. हौद्यात भार हाय. धुकं हाय.” त्यानं घाटाकडं बघितलं. “कुंकू पुसलेली गाडी... वाटंत बंद पडली तर?”

बनाक्कानं पदराचं लाल टोक हातात घेतलं. बघितलं. पिळलं, घडी घातली आणि कमरेला खोचलं, जिथं किल्ल्या असायच्या तिथं.

“माझं पुसलं, तवा मी कुठं बंद पडले?”